एकाच नकाशाची पिस्तुलं: काही पहिल्या दिवसापासून चालतात, काही अडकतात, ते का?

पुलगाव, देवळी, आर्वी या पट्ट्यात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे मैदानावर धावतात आणि संध्याकाळी मोबाइलवर पिस्तुलांचे व्हिडिओ पाहतात. मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो हे गावाला माहीत आहे, त्यामुळे व्हिडिओ पाहून पडलेले प्रश्न माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा: "काकाजी, पेटीतून काढल्या काढल्या न अडकता चालते, असं कोन्त्या कंपनीचं पिस्तूल हाय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ते जुन्या घाटणीचं अमेरिकन पिस्तूल असतं, ज्याला १९११ म्हणतात. ते आज डझनभर कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचे भक्त वेगळे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या नावावरून थोडंफार कळतं. त्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं ते हातातल्या त्या एका पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्या भरायची डबी), त्याचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि त्यात भरलेली गोळी पाहून. शिवाय शंभर-दोनशे गोळ्या न अडकता सुटल्या, एवढ्यावर कुठलंही पिस्तूल भरवशाचं ठरत नाही.

आपल्या भागाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. पुलगावला फौजेचा मोठा दारूगोळा डेपो आहे. भद्रावती, भंडारा आणि नागपूरजवळ अंबाझरी इथे आयुध निर्माणी आहेत. तिथे नोकरी केलेला एखादा माणूस आसपासच्या गावांत सापडतोच. गेज, म्हणजे मापाचा ठरलेला साचा, लावून माल पास-नापास करणं म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक असतं, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे.

१९११ चा आराखडा जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा. मार्च १९११ मध्ये अमेरिकी फौजेनं कोल्ट कंपनीनं बनवलेलं त्यांचं पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल समोरासमोर तपासलं. एकेका पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या. शंभर गोळ्या झाल्या की गार होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचं, की पुन्हा सुरू. सॅव्हेज ३७ वेळा अडकलं. कोल्ट एकदाही अडकलं नाही. २९ मार्चला ते फौजेत दाखल झालं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं ९ मिमी पिस्तूल निवडलं जाईपर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं.

दुसऱ्या महायुद्धात मागणी एवढी वाढली की एकट्या कोल्टला ती पुरी होईना. मग काम वाटून दिलं. इथाका ही शॉटगन बनवणारी कंपनी. युनियन स्विच अँड सिग्नल रेल्वेचे सिग्नल बनवायची. रेमिंग्टन रँडचा धंदा टाइपरायटरचा, आणि त्या युद्धात सगळ्यात जास्त १९११ त्यांनीच बनवली. सिंगर, म्हणजे तीच शिलाई मशीनवाली, तिनं फक्त ५०० बनवली. टाइपरायटरवाल्यांचं पिस्तूल आणि शिलाई मशीनवाल्यांचं पिस्तूल, दोन्ही फौजेत सारखीच चालली. याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. नकाशा एक होता, गेज एक होते, मॅगझिनचा नमुना एक होता, आणि गोळीही एकच होती: २३० ग्रेन वजनाची, गोल नाकाची, वरून पूर्ण धातूचं आवरण असलेली. गेजमध्ये न बसलेला भाग निरीक्षक बाजूला काढायचा, मग तो कुठल्याही कारखान्याचा असो.

आज या चारांपैकी एकही गोष्ट बांधलेली राहिलेली नाही. ब्राउनिंगचे पेटंट कधीच संपले. प्रत्येक कंपनी आपापल्या नकाशावर, आपापल्या मापानं काम करते. मॅगझिन तिसराच कुणी बनवतो, आणि गिऱ्हाईक त्यात पोकळ नाकाच्या, हलक्या, जड, हव्या त्या गोळ्या भरतो. नाव मात्र सगळ्यांवर १९११ च.

आता आत काय घडतं ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. गोळी सुटते तेव्हा स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) एकमेकांत अडकलेले असतात आणि दोघं मिळून जरासे मागे सरकतात. मग बॅरलच्या खालची छोटी कडी बॅरलची मागची बाजू खाली ओढते, दोघांची पकड सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यानं रिकाम्या पुंगळीची कड धरलेली असते. ती पुंगळी इजेक्टर नावाच्या टोकावर आपटून खिडकीतून बाहेर उडते. दाबली गेलेली स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधली वरची गोळी खरवडून घेते. गोळीचं नाक उतारावरून चढतं, तिची मागची कड खालून सरकत आकड्याखाली शिरते, बॅरल वर उचललं जाऊन पुन्हा स्लाइडमध्ये बसतं. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. यातली एक जरी गोष्ट चुकली तरी पिस्तूल अडकतं. फौजेच्या हिंदीत याला 'रोक' म्हणतात आणि ती घालवायच्या ठरलेल्या कृतीला 'फौरी इलाज'.

तो उतार, म्हणजे फीड रॅम्प, १९११ मध्ये दोन तुकड्यांत आहे. खालचा भाग फ्रेमवर (मुठीसकटच्या सांगाड्यावर), वरचा बॅरलवर, आणि मध्ये साधारण पाऊण मिलिमीटरची फट ठेवावी लागते. बॅरलची कड पुढे आली तर गोळीचं नाक तिला ठेचकाळतं. गोल नाकाची गोळी तरीही निसटून वर जाते. रुंद, पोकळ नाकाची तिथेच अडते. आपल्या फौजेचं इशापूरला बनणारं ९ मिमी १ए पिस्तूल हाय-पॉवर नावाच्या पिस्तुलाच्या घाटणीचं आहे. हाय-पॉवरची सुरुवातही ब्राउनिंगचीच, पण ते पूर्ण केलं बेल्जियमच्या दियुदोने सेव्ह यांनी आणि बाजारात आलं १९३५ मध्ये. त्यात अख्खा उतार बॅरलवरच आहे, म्हणून ही फट जुळवायची भानगड त्यात राहिली नाही.

नवीन पिस्तूल अडकलं की माणूस पिस्तुलाला दोष देतो. मी पहिल्यांदा मॅगझिन हातात घेतो. मॅगझिनच्या वरच्या दोन वळलेल्या पाकळ्या गोळीला किती वेळ धरून ठेवतात आणि कुठे सोडतात, यावर तिचं नाक किती उंचावर जाणार हे ठरतं. जुन्या फौजी मॅगझिनच्या पाकळ्या पुढे हळूहळू रुंदावत जातात, त्यामुळे गोळीची मागची बाजू सावकाश वर येते आणि आकड्याखाली अलगद शिरते. पोकळ नाकाच्या गोळ्यांसाठी काढलेल्या नव्या मॅगझिनमध्ये ती लवकर सुटते. कुठल्या पिस्तुलाला कुठलं मॅगझिन मानवेल हे कंपनीचं नाव वाचून सांगता येत नाही. त्यातच सात गोळ्यांच्या जागेत आठ बसवायचा सोस आहे. तेवढ्याच उंचीत आठवी गोळी घातली की स्प्रिंगला जागा उरत नाही, आणि शेवटच्या गोळीला ती वर रेटायला कमी पडते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो केल्याशिवाय कुणी मत देऊ नये असं माझं म्हणणं आहे. मॅगझिनवर मार्करनं १, २, ३ असे आकडे टाकावेत आणि पिस्तूल अडकलं की आकडा वहीत टिपावा. अडकणं प्रत्येक वेळी दोन नंबरच्याच मॅगझिनमध्ये होत असेल, तर पिस्तुलाची काही चूक नाही.

दुसरा गुन्हेगार एक्स्ट्रॅक्टर. १९११ मध्ये तो स्प्रिंग स्टीलची एक लांब पट्टी असतो, स्लाइडच्या आत लपलेला. त्याला वेगळी स्प्रिंग नाही. पट्टीला दिलेला किंचित बाक हाच त्याचा ताण. ताण जास्त झाला तर गोळीची कड आकड्याखाली शिरत नाही आणि स्लाइड अर्धवट उघडी राहते. कमी झाला तर पुंगळी मध्येच सुटते आणि खिडकीत उभी अडकते. आर्मरर हा ताण असा पाहतो: पिस्तूल रिकामं करून, दोनदा खात्री करून, खोलतो. स्लाइड हातात उलटी धरतो, बारूद नसलेला ड्रिल राऊंड आकड्याखाली सरकवतो आणि स्लाइड हलकेच हलवतो. राऊंड हलला तरी पडता कामा नये, आणि सरकवताना अंगठ्याला जोरही लागता कामा नये. मग आकड्याची खालची कड नखानं चाचपायची. ती गोलसर घासलेली हवी. तिथे धार राहिली असेल तर ती पितळेवर ओरखडा काढते, आणि तो ओरखडा पुंगळीच्या कडेवर भिंगातून स्पष्ट दिसतो. हे काम एका पिस्तुलाला पाच मिनिटांचं आहे. पण ते माणसानं हातानं करावं लागतं, आणि स्वस्त पिस्तुलात नेमकी तीच पाच मिनिटं वाचवलेली असतात.

पट्टीचं पोलाद नीट पाणी दिलेलं नसेल तर पहिल्या दिवशी उत्तम असलेला ताण काही शे गोळ्यांनंतर उतरतो. म्हणजे पेटीतून काढल्या काढल्या चालणं आणि वर्षभर चालत राहणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. आणखी एक सांगतो. या पिस्तुलात गोळी हातानं थेट चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या पोकळीत, टाकून वरून स्लाइड सोडू नये. आकडा कडेवरून उडी मारायला बनवलेला नाही. असं वारंवार केलं की त्याचा ताण जातो किंवा टोक तुटतं.

तिसरी गोष्ट मापांमधल्या मोकळीकीची. आपल्याकडच्या बंडीचा आस आणि चाकाचा तुंबा आठवा. अगदी घट्ट बसवला तर धुळीच्या दिवसांत चाक जाम होतं, फार सैल ठेवला तर चाक लडबडतं आणि बंडी सरळ जात नाही. स्लाइड आणि फ्रेमचं तसंच आहे. फौजी १९११ सैल होतं, हलवलं तर वाजायचं, आणि चिखल-मातीत चालत राहायचं. आज गिऱ्हाईक दुकानात पिस्तूल हलवून पाहतो आणि वाजलं की नाक मुरडतो. मग कंपन्या ते घट्ट करतात. त्यानं नेम सुधारतो, पण बारूदाची काजळी आणि धूळ यांना जागा उरत नाही.

आता कंपन्यांकडे येतो. लेस बेअर ही कंपनी याच घट्टपणासाठी प्रसिद्ध. ५० यार्डांवर ३ इंचांत गोळ्या बसतील अशी ती हमी देते, पण पहिल्या ५०० गोळ्या पिस्तूल घोटून घ्यायला लागतात असंही तीच सांगते. म्हणजे तीन हजार डॉलरच्या आसपासचं पिस्तूल पहिल्या दिवशी अडकलं, तर तो त्या बांधणीचाच भाग असू शकतो. याउलट फिलिपिन्सच्या आर्मस्कॉरचं रॉक आयलंड त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात मिळतं. ते ओतीव फ्रेमचं, बऱ्यापैकी सैल, जुन्या फौजी मापाच्या जवळचं, आणि गोल नाकाच्या गोळीवर त्याचा सैलपणाच त्याला तारतो. तुर्कीच्या टिसासनं घडीव पोलाद वापरून त्याच किमतीत स्पर्धा लावली. रुगरनं २०११ मध्ये आपलं १९११ आणलं तेही ओतीव फ्रेमचं. ओतकामात रुगरचा हात जुना आहे, त्यामुळे ओतीव म्हणजे कच्चं हा आपल्याकडचा समज इथे लावू नये.

एक्स्ट्रॅक्टरच्या बाबतीत कंपन्यांचे दोन तट आहेत. स्मिथ अँड वेसन आणि सिग यांनी आकडा स्लाइडच्या बाहेर आणून त्याला वेगळी स्प्रिंग दिली. ताण हातानं जुळवायची गरजच ठेवली नाही. मला हा शहाणपणाचा बदल वाटतो, जुन्याचे भक्त काहीही म्हणोत. पण नुसतं बाहेर आणल्यानं भागत नाही. किंबरनंही २००० नंतरच्या दशकात बाहेरचा एक्स्ट्रॅक्टर आणला आणि काही वर्षांत परत आतल्याकडे गेली. कोल्ट आणि स्प्रिंगफील्ड आतल्यावरच राहिल्या. वरच्या टोकाला नाइटहॉक आहे. तिथे एकच कारागीर एक पिस्तूल सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो. विल्सन कॉम्बॅटमध्येही हातानं जुळवणी होते. तिथे मोजलेल्या पैशातला मोठा हिस्सा मी वर सांगितलेल्या त्या पाच मिनिटांसारख्या पुष्कळ पाच मिनिटांचा असतो.

नावापेक्षा जास्त फरक पडतो तो लांबीनं. मूळ बॅरल ५ इंचांचं. सव्वाचार इंचांपर्यंत फारसं बिघडत नाही. साडेतीन आणि तीन इंचांवर मात्र स्लाइड हलकी होते, तिचा प्रवास कमी होतो, स्प्रिंग कडक करावी लागते. स्लाइड एवढ्या झटक्यात परतते की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर आणायला वेळ पुरत नाही. एकाच कंपनीचं मोठं पिस्तूल आणि छोटं पिस्तूल यांच्या भरवशात दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठं अंतर असू शकतं. खिशात मावणारं हवं असेल तर ही घाटणी निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मोजणीबद्दल, कारण व्हिडिओतले बहुतेक दावे इथेच लंगडे पडतात. सांख्यिकीत तीनचा नियम म्हणून एक सोपा हिशोब आहे. जेवढ्या गोळ्या झाडल्या आणि पिस्तूल एकदाही अडकलं नाही, त्या संख्येनं ३ ला भागा. अडकण्याचं खरं प्रमाण त्यापेक्षा जास्त नसावं असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. ५० गोळ्या सुरळीत सुटल्या तर उत्तर येतं ६ टक्के, म्हणजे ते पिस्तूल ५० मध्ये ३ वेळा अडकणाऱ्या जातीचंही असू शकतं. २०० गोळ्या सुरळीत, तर दीड टक्का. १९११ च्या चाचणीतल्या ६,००० गोळ्यांना हाच हिशोब लावला की दोन हजारांत एक येतो. त्या चाचणीची किंमत त्यातून कळते.

म्हणून एका पिस्तुलानं २०० मध्ये एकदा दगा दिला आणि दुसऱ्यानं एकदाही नाही, एवढ्यावर दुसरं चांगलं असं सिद्ध होत नाही. आणि हे झालं एका नगाबद्दल. कंपनीबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या महिन्यांत बनलेले अनेक नग, सारखीच गोळी, सारखंच मॅगझिन आणि सारखंच तेल घेऊन तपासायला हवेत. झाडणाऱ्याचा हातही धरावा लागतो. मनगट सैल असलं तर स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूल मागे जातं, स्लाइडला टेकायला काही उरत नाही आणि चांगलं पिस्तूलही अडकतं. नव्या रिक्रूटच्या हातात हे मी फार पाहिलं आहे.

आपल्याकडे हे सगळं कुठे लागू पडतं? ९ मिमी हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोर (नळीच्या आतलं माप) आहे. पीक राखायला शेतकऱ्याला कायदा तोंडाकडून भरायची किंवा गुळगुळीत नळीची बंदूकच देतो, पिस्तूल नाही. ज्यांच्याकडे पिस्तुलाचं लायसन्स आहे, त्यांच्याकडे बहुतेक .३२ बोर असतं, जसं आपल्या आयुध निर्माणीचं अशनी. या बोरची पिस्तुलं बहुतेक साध्या रचनेची असतात. बॅरल जागचं हलत नाही, कडी नाही, कुलूप नाही. त्यामुळे वरच्या अर्ध्या भानगडी आपोआप गळतात. पण .३२ च्या काडतुसाची एक स्वतःची खोड आहे. त्याची मागची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकून बसतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी काडतूस पुढे सरकत नाही. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना, हे डोळ्यांनी पाहावं. भरलेल्या मॅगझिनमधली काडतुसं हादऱ्यानं सरकू शकतात, म्हणून मोटरसायकलवर खडबडीत रस्त्यानं फिरून आल्यावर पुन्हा पाहावं.

पावसाळ्यात पिस्तूल चामड्याच्या खोळीत घालून कपाटात ठेवू नये. चामडं ओल धरतं, आणि त्यातल्या रसायनांनी पोलादाला गंज चढतो. वैशाखात उलटं होतं. पारा ४५ च्या वर गेला की पातळ तेल उतरून जातं, आणि उरलेल्या चिकट थरावर काळ्या मातीची धूळ आणि कापसाची बारीक तूस बसते. मृगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा जुनं तेल पूर्ण पुसून नवा पातळ हात द्यावा.

दुरुस्तीची वेळ आली तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच जावं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती आणि चाचणीलाही परवाना लागतो, तेव्हा गावातल्या लेथवाल्याकडून उतार घासून घेणं हा त्याच्यासाठीही गुन्हा आहे. तसंही घासलेला उतार परत भरता येत नाही. चालतं का ते पाहायचं असेल तर ते परवानगी असलेल्या रेंजवरच. लग्नात किंवा वरातीत हवेत झाडणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्षाला मिळणारी काडतुसं लायसन्सवर नमूद असतात आणि ती मोजकीच असतात. रेंजवर जाल तेव्हा ती तिन्ही मॅगझिनांत सारखी वाटून झाडा, आणि कुठल्या मॅगझिनची कितवी गोळी अडकली ते तिथल्या तिथे वहीत लिहा.